नवतपात टिकेल असा गेमिंग पीसी

भाच्याची गेमिंग पीसीच्या भागांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली तेव्हा मी जेवायला बसलो होतो. माथ्यावर प्रोसेसर, त्याच्यापुढे चार तारे. मग ग्राफिक्स कार्ड, मग रंगीत दिव्यांचे पंखे. अगदी तळाशी 'एसएमपीएस - कोणताही' (एसएमपीएस म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि 'मॉनिटर - बाबांचा जुना चालते'. बजेट साठ हजार, बारावीच्या टक्क्यांवर कबूल झालेलं. खाली प्रश्न होता: "मामा, यात आय सेव्हन बसून राहिला का?" (आय सेव्हन म्हणजे इंटेलचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर.)

मी एका ओळीचं उत्तर पाठवलं: यादी उलटी कर. जे तळाशी आहे ते वर घे. त्याला वाटलं मामा चेष्टा करून राहिले. रविवारी तो मानेवाड्याहून घरी आला, कूलरसमोर बसला, आणि मग जे बोलणं झालं ते इथे नीट मांडतोय.

आधी गेम चालतो म्हणजे नेमकं काय होतं ते बघू. सिनेमाची चित्रं आधीच तयार असतात, कॉम्प्युटरला ती फक्त दाखवायची असतात. गेममधलं पुढचं चित्र मात्र अजून अस्तित्वातच नसतं. तुम्ही माउस डावीकडे वळवता की उजवीकडे, त्यावर ते ठरतं आणि त्याच क्षणी रंगवावं लागतं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील तर जेमतेम ६.९. या वेळात काम झालं नाही की खेळ अडखळतो.

आता लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. (बुफे आले तरी पंगतीत कधीच बसला नाही असा नागपूरकर मला अजून भेटायचाय.) आतमध्ये दोन-चार आचारी असतात. काय शिजवायचं, कुणाआधी काय वाढायचं, मीठ किती, हे सगळं डोकं त्यांचं. बाहेर वाढप्यांची फौज असते. त्यांचं काम सोपं, पण पत्रावळ्या शेकड्याने. प्रोसेसर म्हणजे आचारी: थोडेच, पण हुशार. शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, दार उघडलं का, हा हिशोब त्यांचा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे वाढपी. आरएक्स ६६०० सारख्या मध्यम कार्डातही असे १७९२ वाढपी असतात. आणि पडद्यावरचा एकेक ठिपका म्हणजे एकेक पत्रावळ.

१०८०पी म्हणतात त्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. १४४०पी घेतला की ते ३६ लाख ८६ हजार ४०० होतात, आणि ४के ला जवळपास ८३ लाख. पंगत चौपट झाली तर वाढपी चौपट लागतात, पण आचाऱ्याचा हिशोब फारसा बदलत नाही. उलट पडदा तोच ठेवून सेकंदाला ६० ऐवजी १४४ चित्रं मागितली, तर पंगती भराभर उठवाव्या लागतात आणि आचाऱ्यालाही घाम फुटतो.

एवढं कळलं की मॉनिटर यादीत वर का घ्यायचा ते आपोआप कळतं. पडदा किती ठिपक्यांचा आणि सेकंदाला किती चित्रं दाखवू शकणारा, यावरच आतला सगळा माल ठरतो. बाबांचा जुना मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांचा असेल तर कार्डाने १५० चित्रं काढूनही पडदा ६०च दाखवणार. उरलेल्या चित्रांची नुसती उष्णता होते. साठ हजारांत, मॉनिटर धरून, १०८०पी आणि १०० ते १४४ हर्ट्झ हेच प्रामाणिक ध्येय आहे. ४केचं स्वप्न नोकरी लागल्यावर बघ, असं मी त्याला सांगितलं.

मग कोणते गेम खेळायचे ते ठरव. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ सारखे स्पर्धेचे गेम आचाऱ्यावर जास्त चालतात. तिथे बरा प्रोसेसर आणि साधं कार्डही पुरतं. सायबरपंक २०७७ सारखे मोठे, देखणे गेम वाढप्यांचा जीव काढतात. भाचा म्हणाला, दोन्ही खेळतो. सगळेच असं म्हणतात. "रोज काय खेळतो?" असं विचारलं तेव्हा खरं उत्तर आलं: व्हॅलोरंट.

आता आय सेव्हनचं बघू. पंधरा-सोळा हजारांत 'आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, गेमिंग पीसी' अशी जाहिरात प्रत्येकाच्या फोनवर येते, भाच्याच्याही आली होती. आय सेव्हन हे पद आहे, पिढी नाही. 'पाटील' म्हटल्यावर कोणत्या गावचा ते विचारावं लागतं, तसंच हे. या जाहिरातीतला बहुतेक वेळा आय७-२६०० किंवा आय७-३७७० असतो, म्हणजे २०११-१२ चा माल. २०२२ च्या सुरुवातीला आलेला साधा चार कोअरचा (म्हणजे चार आचाऱ्यांचा) आय३-१२१००एफ त्याला गेममध्ये सहज मागे टाकतो. शिवाय त्या जुन्या चिपांना विंडोज ११ अधिकृतपणे स्वीकारत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

त्याच जाहिरातीतलं '४ जीबी ग्राफिक्स कार्ड' अनेकदा जीटी ७३० निघतं. हे २०१४ मध्ये आलेलं कार्ड, त्यावर जुनी डीडीआर३ मेमरी. कार्डावरच्या मेमरीचा आकडा म्हणजे मांडवात वाढप्यांच्या हाताशी ठेवलेली भांडी. भांडी ढीगभर आणि वाढपी चारच असतील, तर पंगत उठायची कशी? म्हणून जीबीकडे नंतर बघा, आधी कार्डाचं नाव बघा. अर्थात भांडी कमी पडली तरी पंचाईतच. मांडवातलं संपलं की वाढप्याला प्रत्येक वेळी घरातल्या कोठीपर्यंत, म्हणजे कॉम्प्युटरच्या रॅमपर्यंत पळावं लागतं, आणि खेळताना मध्येच बसणारे झटके बऱ्याचदा त्याचेच असतात. आज नवं कार्ड घेताना ८ जीबीच्या खाली जाऊ नये असं माझं मत आहे. ४ जीबीवाली नवी कार्डंही दुकानात दिसतात, त्यांच्याकडे पाठ फिरवा.

या बजेटात आरएक्स ६६०० हे माझं आवडतं कार्ड: ८ जीबी, भूक १३२ वॅट. नवंकोरं मिळेनासं झालं तर ८ जीबीचं आरटीएक्स ३०५० चालेल, पण त्याच नावाचं ६ जीबीचं वेगळं आणि हळू कार्डही बाजारात आहे. खोक्यावर नाव एकच, आत माल निराळा. वरच्या बाजूला १२ जीबीचं इंटेल आर्क बी५८० आकर्षक वाटतं, पण त्याला 'रिसायझेबल बार' नावाची सोय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) असलेला मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी, लागतो. जुन्या बोर्डावर ते लावलं तर पैसे वाया.

प्रोसेसरमध्ये रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ, दोन्ही सहा कोअरचे. पैसे फारच ओढाताणीचे असतील तर आय३-१२१००एफ. शेवटच्या 'एफ'चा अर्थ असा की आत चित्र काढणारा भाग चालू नाही, म्हणजे वेगळं कार्ड नसेल तर पडदा काळा. ५६०० मध्येही तो भाग नाही. नावात 'जी' असलेल्या ५६००जी मध्ये आहे. काही जण सुचवतात की आधी ५६००जी घे, बिनकार्डाचा खेळ, वर्षभराने कार्ड लाव. व्हॅलोरंटपुरतं हे चालतं. फक्त त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच छोटी, वेगवान मेमरी) ५६०० च्या निम्मी आहे, ३२ ऐवजी १६ एमबी, आणि नंतर लावलेल्या कार्डाशी तो जुन्या, हळू वाटेने बोलतो, हे माहीत असू द्या.

पैशांची वाटणी कशी? मॉनिटर बाजूला काढल्यावर उरलेल्या शंभरातले चाळीसच्या आसपास कार्डाला, वीसेक प्रोसेसरला, बाकी सगळ्यांत मिळून उरलेले. भाच्याच्या यादीत हे नेमकं उलटं होतं. आचारी पंचतारांकित आणि वाढायला घरचीच दोन पोरं.

मदरबोर्डवर जास्त बोलण्यासारखं नाही. प्रोसेसर बसेल असा सॉकेट, रॅमच्या शक्यतो चार जागा, एसएसडीसाठी (गेम आणि फाइली साठवणारी चिपांची डिस्क) एम.२ नावाची जागा, एवढं बघा आणि पुढे चला. ५६०० साठी बी५५०, १२४००एफ साठी बी६६० किंवा एच६१०. जुना पडून असलेला बी४५० कुणी स्वस्तात दिला तर तिथूनच बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून मागा, नाहीतर घरी आणल्यावर नवा प्रोसेसर तो ओळखणारच नाही.

रॅम १६ जीबी, आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत. एकच १६ ची पट्टी घेतली तर प्रोसेसरला मेमरीकडे जायला एकच गल्ली मिळते. दोन पट्ट्या, दोन गल्ल्या. प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरणार असाल तर हा फरक फारच मोठा पडतो, कारण तिथे वाढप्यांची भांडीही याच कोठीतली. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले, कारण एआयची डेटा सेंटरं मेमरीच्या चिपा गिळत सुटली. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून रॅमसाठी पैसे बाजूला काढू नका. दुकानात जायच्या दिवशीचा भाव बघा.

साठवणुकीला एनव्हीएमई, म्हणजे एम.२ जागेत बसणारी जलद एसएसडी, शक्य तर १ टीबी, कारण एकेक गेम १०० जीबीच्या घरात गेलाय. जुन्या जोडणीची साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते, एनव्हीएमई हजारांत बोलते. गेममध्ये हा फरक आकड्यांएवढा जाणवत नाही, पण भाव फारसा वेगळा नसेल तर घ्यावी. जुनी फिरती हार्ड डिस्क लग्नाच्या फोटोंना ठेवा, गेमला नको.

आता 'एसएमपीएस - कोणताही' कडे येतो. भाच्याशी सगळ्यात जास्त वाद इथेच झाला.

माझा पहिला कॉम्प्युटर २००९ चा. कॅबिनेटसोबत एसएमपीएस 'फ्री' मिळाला होता, वर ठळक ५०० वॅट लिहिलेलं. मे महिन्यातल्या एका दुपारी फट असा आवाज आला, जळका वास सुटला, आणि जाताना तो मदरबोर्डही घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, वीज कमीजास्त झाली असेल. वीज रोजच कमीजास्त होते, त्यासाठीच तर एसएमपीएस असतो.

स्टिकरवरच्या मोठ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. बाजूला बारीक तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टची ओळ शोधा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही तिथूनच जेवतात. समजा तिथे १८ अँपिअर लिहिलंय. १२ गुणिले १८, झाले २१६ वॅट. मग ते '५००' कुठून आले? इतर ओळींची बेरीज मारून आणि थोडी कल्पनाशक्ती वापरून. चांगल्या ५०० वॅटच्या एसएमपीएसमध्ये जवळपास सगळी ताकद या एका ओळीवर असते, म्हणजे ४० अँपिअरच्या आसपास.

'८० प्लस ब्राँझ' हा शिक्का असावा, पण त्याचा अर्थ मर्यादित आहे. अर्ध्या भारावर भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी ८५ टक्के पुढे जाते, एवढंच तो सांगतो. ५०० वॅटचा असा एसएमपीएस २५० वॅट द्यायला साधारण २९४ घेईल, वरचे ४४ उष्णता होऊन खोलीत येतील. आतले कंडेन्सर कोणते, शॉर्ट झाल्यावर तो स्वतः बंद पडतो का, याबद्दल शिक्का गप्प असतो.

आणि नागपूरकरांनी आवर्जून विचारायची गोष्ट पुढेच आहे. एसएमपीएसचे वॅट एका ठराविक तापमानाला मोजलेले असतात. हलक्या मालाचे २५-३० अंशांना, चांगल्यांचे ४० किंवा ५० अंशांना. २५ अंशांना ५०० देणारा पठ्ठ्या ४५ ला तेवढे देईलच असं नाही. म्हणून माहितीपत्रकात '४०' किंवा '५० अंश' लिहिलेला घ्या. आपल्या जोडणीची भूक जेमतेम अडीचशे वॅट आहे, तेव्हा साडेचारशे ते साडेपाचशे पुरे. साडेसातशेचा हलका घेण्यापेक्षा साडेचारशेचा खरा घ्या.

तापमानाचा विषय निघालाच आहे तर तो पुरता बोलून घेऊ, कारण पुण्या-बंगळुरूच्या व्हिडिओंत हा भाग नसतोच. ही माणसं बावीस-तेवीस अंशांच्या खोलीत चाचण्या करतात. हवेने थंड होणारा कुठलाही भाग खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही, तो खोलीच्या वर काही अंश राहतो. बावीसच्या खोलीत कार्ड ६८ वर असेल, तर तेच काम, तेच पंखे, आणि बेचाळीसची खोली धरली की ते ८८ च्या आसपास जाईल. आपल्या सीमेजवळ पोहोचली की चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. ५६०० प्रोसेसरची ही सीमा ९० अंश आहे. म्हणजे जानेवारीत पळणारा गेम नवतपात (मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत) रांगतो आणि पोरगं म्हणतं, कॉम्प्युटर खराब झाला.

म्हणून कॅबिनेट निवडताना समोर जाळी हवी. पुढे चकचकीत काच आणि आत सात रंगांचे पंखे असलेलं कॅबिनेट म्हणजे दार-खिडक्या बंद करून आत पंखा लावल्यासारखं. पंखा फिरतो, हवा येत कुठून? समोरून हवा आत घेणारे दोन पंखे, मागून बाहेर फेकणारा एक, जाळीला धुता येणारं फिल्टर. दिव्यांचे पैसे तिथे लागू दे.

मग कूलर. आपल्याकडे एसीपेक्षा कूलरची घरं जास्त, आणि गेमिंगला कूलर वाईट नाही. कोरड्या मे महिन्यात तो खोली चांगली दहा-बारा अंश खाली आणतो. पण त्याच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवायचं नाही. ओली हवा आणि आपली धूळ मिळून हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्यांवर चिखलाचं अस्तर बसतं, ते वाळलं की फुंकून निघत नाही. कॅबिनेट झोताच्या बाजूला, जमिनीपासून थोडं उंच, आणि खिडकी उघडी. भाच्याने तेव्हाच आपली खुर्ची जरा सरकवली, झोत अंगावर घ्यायला.

साफसफाई वर्षातून दोनदा: कूलरच्या ताट्या बदलता तेव्हा एकदा आणि दिवाळीच्या झाडलोटीत एकदा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी सोडली तर ती गरगर फिरून बेअरिंग खराब होतं. आणि एक फुकटचा उपाय: भर दुपारी गेमच्या सेटिंगमध्ये चित्रांची मर्यादा ६० वर बांधा. कार्डाचं काम घटतं, उष्णता घटते, पंख्यांचा आवाजही घटतो. संध्याकाळी पुन्हा सोडा.

विजेच्या बाबतीत दोन गोष्टी. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? आल्या तर तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आतला गाळणीचा भाग थोडा प्रवाह अर्थिंगमध्ये सोडत असतो. तिथे वाट नसली की तो कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसतो. कॉम्प्युटर बदलू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा. दुसरं, घरचा इन्व्हर्टर. त्याच्या मागे बहुतेक वेळा यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू केलं की लाइट गेल्यावर बदल लवकर होतो आणि कॉम्प्युटर बहुधा बंद पडत नाही. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घ्यायचा असेल तर ६०० हा आकडा वॅटचा नाही. असे यूपीएस साधारण ३६० वॅट देतात, तेही काही मिनिटं. फाइल जतन करून बंद करायला पुरतात, मॅच संपवायला नाही.

विजेच्या बिलाची भीती भाच्याच्या बाबांना होती. अडीचशे वॅट, रोज तीन तास, म्हणजे पाऊण युनिट. महिन्याला बावीस-तेवीस. कूलर याहून जास्त खातो, हे ऐकून ते गप्प झाले.

जुनं कार्ड घ्यावं का? पैसे नक्कीच वाचतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं कार्डांवर चालणारं खाणकाम बंद पडलं आणि त्यात दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली, काही अजून हातोहात फिरतात. राबलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही, पण पंखे आणि चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी आतली पेस्ट थकलेली असते. घ्यायचं तर समोर अर्धा तास गेम चालवून घ्या, बिल आणि उरलेली वॉरंटी मागा. एसएमपीएस मात्र जुना कधीच नाही.

शेवटी आम्ही एका शनिवारी बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो. तीन दुकानांत तीच यादी दाखवली, तीन भाव आले. ऑनलाइनचा भाव फोनवर तयार ठेवा, तो दाखवला की बोलणं सोपं जातं. भाव 'जीएसटी धरून की सोडून' हे पहिल्याच वाक्यात विचारा, १८ टक्के म्हणजे साठ हजारांवर लहान रक्कम नाही. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या. "बिल कशाला, ओळखीचे आहोत" असं जो म्हणतो त्याच्याकडून मी केबलही घेत नाही. दुकानदाराने यादीतला एसएमपीएस बदलून 'याच्यापेक्षा भारी' दुसरा पुढे केला, तेव्हा भाच्याने स्वतःच खोकं फिरवून १२ व्होल्टची ओळ वाचली आणि म्हणाला, "भाऊ, हा नाही जमत." मी बाजूला उभा राहून चहा पीत होतो.

जोडणी त्याने घरीच केली. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून रॅम हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव, एवढंच सांगितलं होतं. रात्री अकराला फोन आला, आवाज रडवेला: "मामा, पंखे फिरून राहिले, दिवे लागले, पण पडदा काळाच आहे. जळला का?"

मी विचारलं, मॉनिटरची केबल कुठे लावली? वरच्या बाजूला उभ्या रांगेत, मदरबोर्डच्या तोंडाला, की खाली आडव्या, कार्डाच्या तोंडाला?

थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग विंडोजच्या इन्स्टॉलेशनचा निळा पडदा दिसल्याचं कळलं. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी चालू करायला लावलं, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगाने चालते. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० चे १४४ हर्ट्झ करायला लावले, कारण ते बऱ्याचदा आपोआप होत नाही आणि कित्येक पोरं महागडा मॉनिटर वर्षभर ६० वरच वापरतात. साडेबाराला फोन ठेवला. व्हॅलोरंट डाउनलोड व्हायला अजून दोन तास होते.